लॉर्ड जॉन रसेल

इंग्लंडच्या दक्षिण भागांत सॉल्सबरी शहराजवळ ओल्ड सारम नांवाची एक टेकडी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं तेथें वस्ती मुळींच उरली नव्हती. तरी पार्लमेंटांत तिच्या नांवानें दोन सभासद बसत. उलट मँचेस्टरसारख्या, लाखावर लोकवस्तीच्या शहराला स्वतःचा एकही सभासद नव्हता. हा अन्याय दूर करण्यासाठीं जे झटले, त्यांत अग्रगण्य अशा लॉर्ड जॉन रसेल ह्यांचें चरित्र आम्हीं येथें संक्षेपानें देत आहों.

रसेल ह्यांचा जन्म ता. १८ ऑगस्ट १७९२ रोजीं लंडन येथें झाला. त्यांचे वडील पुढें बेडफर्डचे सहावे ड्यूक झाले. मुलगा ठेंगणा व प्रकृतीनें नाजूक. त्यामुळें शाळेंत तो फार दिवस राहूं शकला नाहीं. पुढें एडिंबरो येथील विद्यापीठांत त्यांनीं अध्ययन केलें. इ. स. १८१३ मध्यें, वयाचीं एकवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, ते टॅव्हिस्टॉक गांवातर्फें पार्लमेंटांत गेले. हा मतदारसंघ त्यांच्या घराण्याच्या मुठींतला होता. ज्या शिडीनें ते वर चढले, तीच मोडण्याचें काम पुढें त्यांच्या हातून व्हावयाचें होतें!

इ. स. १८१९ पासून त्यांनीं सुधारणेचा प्रश्न हातीं धरला. कॉर्नवॉलमधील ग्रॅमपाउंड हें गांव लांचलुचपतीविषयीं कुप्रसिद्ध होतें. १८२१ च्या कायद्यानें त्याचा हक्क काढून त्याच्या दोन जागा यॉर्कशायर परगण्याला देण्यांत आल्या. आरंभ लहान होता, परंतु वाट सांपडली.

ता. १ मार्च १८३१ रोजीं रसेल ह्यांनीं सुधारणेचें मोठें बिल मांडलें. हक्क गमावणाऱ्या गांवांची यादी ते वाचूं लागतांच विरोधी सभासद मोठ्यानें हंसूं लागले. दुसऱ्या वाचनाच्या वेळीं बिल अवघ्या एका मतानें तरलें. पुढें नवी निवडणूक झाली; तरी ऑक्टोबरांत उमरावांच्या सभेनें तें फेटाळलें, आणि ब्रिस्टल व नॉटिंगहॅम येथें दंगे उसळले. अखेर ता. ७ जून १८३२ रोजीं कायदा झाला. छप्पन्न गांवांचे हक्क समूळ गेले. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स व शेफील्ड ह्यांस प्रत्येकीं दोन सभासद मिळाले. गांवांच्या सीमा ठरविण्यासाठीं टॉमस ड्रमंड ह्या एंजिनियर अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं नकाशे व घरांची गणती करण्यांत आली.

तथापि चरित्रकारानें दोष झांकूं नयेत. छोट्या टॅव्हिस्टॉकच्या दोन्ही जागा कायम राहिल्या. बहुतेक मजूर व सर्व स्त्रिया मताधिकाराबाहेर राहिल्या. शिवाय, ही व्यवस्था अखेरचीच आहे असें रसेल ह्यांनीं १८३७ त प्रतिपादन केल्यामुळें लोकांनीं त्यांना थट्टेचें टोपणनांव दिलें. त्यांच्या पहिल्या प्रधानकीच्या काळांत (१८४६–५२) आयर्लंडांतील भयंकर दुष्काळाचें निवारण करण्यांत त्यांचें सरकार तोकडें पडलें, हा डागही विसरतां येत नाहीं.

परंतु मतदारसंघांविषयींची आपली चूक त्यांनीं कृतीनें कबूल केली. कारखान्यांमागें माणसें हालतात, शहरें वाढतात. कागदावरील रेषा मात्र जागच्या हालत नाहींत. हें ओळखून त्यांनीं १८५२ पासून पुन्हां पुन्हां नवीं बिलें आणिलीं. १८६६ त, दुसऱ्यांदा मुख्य प्रधान असतां, ह्याच प्रश्नावर त्यांचें सरकार पडलें. पुढच्याच वर्षीं प्रतिपक्षाच्या डिझरायली ह्यांनीं नवा कायदा करून घेतला. ता. २८ मे १८७८ रोजीं रसेल निवर्तले.

१८३२ त निर्माण झालेला लंडनचा फिन्सबरी मतदारसंघ १८८५ त विभागण्यांत आला, आणि त्याच्या मध्य भागांतून १८९२ त मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतील एके काळचे अध्यापक दादाभाई नौरोजी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मताधिक्यानें निवडून आले. सीमा वेळोवेळीं तपासण्यासाठीं १९४४ त तेथें कायमचीं मंडळें नेमण्याचा कायदा झाला.

आपलें काम पूर्ण झालें असें मानणें सोपें. तें अपुरें होतें असें जाणून उतारवयांत पुन्हां हातीं घेणें कठीण. रसेल ह्यांच्या चरित्रापासून आम्हां विद्यार्थ्यांनीं घ्यावयाचा बोध हाच होय.