पंडिता रमाबाई

मी सातवी शिकलेली. एवढ्या विदुषीविषयी मी काय लिहिणार? पण एक गोष्ट सांगावीशी वाटते.

१८७४ साली दुष्काळात रमाबाईंचे आईवडील गेले. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. पोरकेपण त्यांनी भोगले होते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळातील शेकडो मुली त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगावी सांभाळल्या. मुलगी मोठी झाली की जाणार कुठे? तिला माहेर नाही. म्हणून अन्नवस्त्राबरोबर लिहिणे-वाचणे, विणकाम, शेती, छापखान्याचे काम त्यांनी शिकवले. हाती काम असले की कोणाचे मिंधे राहावे लागत नाही.

१९२२ साली रमाबाई गेल्या. अशी पोरकी मुलगी आपल्या शिवणवर्गाला आली, तर तिची फी आपण भरू या.