जिम कॉर्बेट : मचाणावरील एकाकी पहारा

इंदूर शहराच्या दक्षिणेस रालामंडलच्या टेकडीवर होळकरांच्या काळातील शिकारगृह आजही उभे आहे. संस्थानिकांची शिकार म्हटली की हाकेवाले, हत्ती आणि मोठा लवाजमा डोळ्यांपुढे येतो. ज्या शिकाऱ्याचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, तो मात्र बहुधा एकटाच झाडावर चढून रात्र काढीत असे. आणि त्याच्या या जागरणावर कित्येक खेड्यांचे प्राण अवलंबून असत.

जेम्स एडवर्ड कॉर्बेट यांचा जन्म 25 जुलै 1875 रोजी नैनीताल येथे झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. ते 1881 मध्ये निवर्तले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. हिवाळ्यात ही मंडळी डोंगराच्या पायथ्याशी कालाढुंगीस राहावयास येत. तेथील रानात पशुपक्ष्यांचे आवाज ओळखण्यास लहानगा जिम शिकला. पुढे रेल्वेच्या नोकरीनिमित्त गंगाकाठच्या मोकामा घाटावर माल चढविण्या-उतरविण्याचे काम त्यांनी सुमारे वीस वर्षे केले. शिकार हा त्यांचा पोटाचा धंदा कधीच नव्हता. 1907 मध्ये 436 बळी घेणाऱ्या चंपावतच्या वाघिणीस त्यांनी मारले, आणि तेव्हापासून नरभक्षकाचा उपद्रव झाला की सरकार त्यांस बोलावू लागले.

मचाण म्हणजे काय, हे आपल्या खेड्यांतील मुलांस निराळे सांगावयास नको. जोंधळा राखण्यासाठी शेतात माळा घालतात, त्याचाच हा भाऊ. माळा चार खांबांवर उभा असतो. मचाण मात्र जिवंत झाडावर खाट किंवा फळ्या दोरांनी जखडून बांधतात आणि काम संपले की सोडून दुसरीकडे नेतात. त्यावर बसण्याचे नियम साधे, पण कडक आहेत. बंदूक हाती घेऊन चढू नये. ती रिकामी करून खाली ठेवावी आणि वर बसल्यावर दोराने ओढून घ्यावी. कमरेचा दोर बुंध्यास बांधावा. कारण पहाटेची डुलकी वाघाइतकीच घातक असते. शिवाय वाघ सहसा झाडावर चढत नसला, तरी बिबट्या सहज चढतो!

ही शेवटची गोष्ट कॉर्बेट यांच्या जिवावर बेतली असती. 1910 मध्ये पनार भागात एका बिबट्याने सुमारे 400 माणसे मारल्याचे सांगत. त्याच्यासाठी बकरी बांधून कॉर्बेट एका कललेल्या झाडावर, जमिनीपासून जेमतेम पंधरा फुटांवर बसले. मचाण नव्हतेच. चढण्यापूर्वी काटेरी फांद्यांचे भारे आपल्या पाठीमागे बुंध्यास दोराने घट्ट आवळून घेण्याची दक्षता त्यांनी घेतली होती. अंधार पडल्यावर बिबट्या आला तो बकरीकडे न जाता झाडाकडेच! काट्यांचे शेंडे दातांत धरून तो ओढू लागला. मागे काळ, पुढे काळोख, आणि वळून गोळी झाडण्यास वाव नाही. बांधणी टिकली म्हणून कॉर्बेट वाचले. बिबट्या अखेर बकरीकडे वळला, तेव्हा गोळी लागून तो जखमी झाला, आणि त्याच रात्री मशालींच्या उजेडात त्यांनी त्यास संपविले. पराक्रमाच्या वर्णनात हे काट्यांचे भारे बहुधा गाळले जातात. आम्हांस तेच अधिक महत्त्वाचे वाटतात.

रुद्रप्रयागच्या बिबट्याने तर धैर्यापेक्षाही चिकाटीची परीक्षा पाहिली. बद्री-केदारच्या यात्रामार्गावर त्याने 1918 ते 1926 या काळात 125 माणसे मारली. दिवस मावळला की दारे बंद होत आणि वाटा ओस पडत. कॉर्बेट यांनी अलकनंदेवरील पुलाच्या मनोऱ्यावर वीस रात्री बोचऱ्या वाऱ्यात काढल्या. पण बिबट्या आला नाही. अखेर 1926 च्या मे महिन्यात गुलाबराय येथे वाटेकाठच्या आंब्यावर मचाण बांधले आणि खाली गळ्यात घंटा घातलेली बकरी ठेवली. दहा रात्री व्यर्थ गेल्या. अकराव्या रात्री घंटा वाजली, विजेरीचा झोत क्षणभर पडला आणि गोळी सुटली. लगेच विजेरी विझली. नेम लागला की नाही, हे समजण्यासाठी त्यांस उजाडेपर्यंत झाडावरच थांबावे लागले. बिबट्या जवळच मरून पडला होता.

हळूहळू त्यांच्या हातात बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. 1936 मध्ये कुमाऊंच्या पायथ्याशी भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यामागे त्यांचा हातभार होता. 1957 पासून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. 1944 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या शिकारग्रंथाने जगभर कीर्ती मिळविली. आता आपल्याकडे वैशाखी पौर्णिमेस हौशी मंडळी मचाणावर रात्रभर बसतात, ती पाणवठ्यावर येणारी जनावरे मोजण्यासाठी.

1947 मध्ये कॉर्बेट बहीण मॅगी हिच्यासह केनियातील न्येरी येथे राहावयास गेले. तेथे एका प्रचंड वृक्षावर प्राणी पाहण्यासाठी लाकडी घर बांधलेले होते. 5 फेब्रुवारी 1952 च्या रात्री इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ त्या घरात मुक्कामास होती. त्याच रात्री तिकडे तिचे वडील वारले आणि ती राणी झाली. खाली बिबट्यांचे रान. शिडीच्या माथ्याशी शहात्तर वर्षांचे कॉर्बेट रात्रभर पहारा देत बसले होते. 19 एप्रिल 1955 रोजी न्येरी येथेच त्यांचे देहावसान झाले.