ताशी हजारच्या वेगातून थांबलेला माणूस

सबमिशनच्या आदल्या रात्री प्रिंटर बंद पडला की आपण मर्फीच्या नियमाला शिव्या घालतो. जे चुकू शकतं ते चुकणारच! पण हा नियम ज्या प्रयोगातून आला, तो प्रयोग कशासाठी चालला होता, माहितेय? माणसाला सीटला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यासाठी. आणि त्या पट्ट्यात स्वतःला बांधून घेणारा माणूस होता डॉ. जॉन पॉल स्टॅप.

जन्म १९१० चा, ब्राझीलमधला. आईवडील अमेरिकन मिशनरी. कॉलेजात असताना नात्यातलं एक तान्हं मूल भाजून दगावलं आणि पोराने डॉक्टर व्हायचं ठरवलं. १९४४ मध्ये तो अमेरिकेच्या सैन्यात, हवाई विभागात डॉक्टर म्हणून दाखल झाला.

तेव्हा समज असा होता, की १८ जी, म्हणजे आपल्या वजनाच्या अठरापट धक्का बसला की माणूस संपला. मग विमानाची सीट त्याहून मजबूत कशाला करायची? स्टॅपला हे पटेना. सीट आणि पट्टा तुटतो म्हणून तर माणूस मरत नसेल?

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रुळांवर रॉकेटची गाडी उभी राहिली. आधी डमी बसवला. एकदा त्याला मुद्दाम हलक्या पट्ट्याने बांधलं. ब्रेक लागले, गाडी थांबली, डमी मात्र नाही थांबला! समोरची लाकडी फळी फोडून तो पार लांब जाऊन पडला. मागच्या सीटवर बसलोय, मला कशाला हवा पट्टा, असं म्हणणाऱ्यांनी हा डमी जरा डोळ्यांसमोर आणावा.

डिसेंबर १९४७ पासून डमीच्या जागी स्टॅप स्वतः बसू लागला. मनगट मोडलं, बरगड्यांना तडे गेले, दातांतलं सिमेंट निघालं. पण ३५ जी सोसूनही गडी जिवंत! १९४९ मध्ये कॅप्टन एडवर्ड मर्फी धक्का मोजायची उपकरणं घेऊन आला. सगळ्यांच्या वायरी उलट्या जोडलेल्या, रीडिंग शून्य. त्याच्या वैतागातून तो प्रसिद्ध नियम निघाला आणि पत्रकारांपुढे तो मांडला स्टॅपनेच.

शेवटची फेरी १० डिसेंबर १९५४ ची, न्यू मेक्सिकोत. आपण आंधळे होऊ, ही भीती त्याला होतीच. म्हणून म्हणे तो दिवे मालवून, अंधारात चाचपडत कपडे घालायची सवय करत होता. हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. रॉकेटला घाबरणं वेगळं आणि आंधळेपणाची रंगीत तालीम करणं वेगळं.

नऊ रॉकेटं पेटली. पाच सेकंदांत वेग ताशी १०१७ किलोमीटर. मग दीड सेकंदही लागला नाही, गाडी ठप्प. ४६.२ जी! डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही दिसेना. पण पट्ट्यांनी त्याला जागेवर धरून ठेवलं होतं. थोड्या वेळाने नजर परत येऊ लागली.

खरी गंमत पुढे आहे. आकडे चाळताना त्याला दिसलं, की हवाई दलाची माणसं विमान अपघातांपेक्षा मोटार अपघातांत जास्त मरताहेत. विमानं सोडून मोटारींच्या मागे कशाला लागलास, असं वरिष्ठांनी विचारल्यावर त्याने हेच आकडे पुढे केले. १९५५ मध्ये त्याने मोटारी आपटून दाखवायला सुरुवात केली, इंजिनीअर आणि डॉक्टरांना तिथे बोलावलं. पुढे १९५९ मध्ये स्वीडनच्या नील्स बोहलिनचा एका हाताने लावता येणारा तीन टोकांचा पट्टा गाडीत आला. आज आपण लावतो तो हाच. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली, तेव्हा स्टॅप तिथे हजर होता. १९६८ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना पट्टे सक्तीचे झाले.

अशा एकूण २९ फेऱ्या मारलेला हा माणूस १९९९ मध्ये गेला. न्यू मेक्सिकोत, राहत्या घरी, वयाच्या ८९ व्या वर्षी.