पालवणकर बाळू : कर्णधारपद नाकारले गेलेला फिरकीपटू

भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळातील थोर डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखता राखता ते इंग्रज फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करीत.

पुढे हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सवर्ण खेळाडूंना चालत असे. चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला जाई.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळवले. तरीही जातीमुळे त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद लाभले नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत त्यांना वगळण्यात आले आणि नेतृत्वासाठी धाकटे बंधू विठ्ठल यांनाही डावलले गेले. तेव्हा विठ्ठल व शिवराम या बंधूंनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. अखेर अंतिम सामन्यासाठी भावंडांना परत बोलावण्यात आले. बाळू उपकर्णधार झाले.

मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कृष्णवर्णीय धावपटूंनी मूठ उंचावून मूक निषेध नोंदवला, त्याच्या ४८ वर्षे आधीची ही घटना.

१९२३ मध्ये विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने विजेतेपद पटकावले. बाळूंचे निधन ४ जुलै १९५५ रोजी झाले.