गवळणीच्या हातावरचा फोड

घरातल्या आजी-आजोबांच्या दंडावर नीट पाहा. नाण्याएवढा गोल वण बहुधा दिसेल. तो लहानपणी देवी काढल्याचा, म्हणजे देवीच्या रोगावरची लस टोचल्याचा. ही सोय ज्यांच्यामुळे झाली, ते डॉ. एडवर्ड जेन्नर.

१७ मे १७४९ रोजी इंग्लंडमधील बर्कली या गावी त्यांचा जन्म झाला. पाचव्या वर्षीच आईवडिलांचे छत्र हरपले. त्या काळी देवी टाळण्यासाठी रोग्याच्या फोडातला पू निरोगी मुलाला टोचत. आठ वर्षांच्या एडवर्डलाही तो टोचला. आधी उपास घडवले, रक्त काढले आणि मग इतर मुलांबरोबर तबेल्यात ठेवले. या उपायाने काही मुले दगावतही.

लंडनला जॉन हंटर यांच्या हाताखाली शिकून जेन्नर १७७३ साली गावी परतले. गाईच्या आचळांवरच्या फोडांची लागण झालेल्या गवळणींना देवी येत नाहीत, असे खेड्यातले लोक मानत. जेन्नर यांनी हे बोलणे कसून तपासले. १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातील लस त्यांनी आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचली. जुलैत त्यालाच खऱ्या देवीचा पू टोचला. अंदाज चुकला असता, तर गरिबाचे पोर जिवाला मुकले असते. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. जेम्सला देवी आल्या नाहीत.

१७९८ साली जेन्नर यांनी पदरमोड करून पुस्तक छापले. लस घेतलेल्यांच्या अंगातून गाई उगवताहेत, अशी व्यंगचित्रे निघाली. तरी लस पसरत गेली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. बर्कलीत बागेतल्या झोपडीत जेन्नर गरिबांना फुकट लस टोचत. २६ जानेवारी १८२३ रोजी ते वारले. १९८० साली देवीचा रोग जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले.

कांजिण्या मात्र आहेत. त्यांचा विषाणू वेगळा, म्हणून देवीची लस त्यांवर चालत नाही. त्यांवरची लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ साली तयार केली. बहुतेक मुले कांजिण्यांतून सुखरूप उठतात, पण काहींना न्यूमोनिया किंवा मेंदूला सूज येते. तेव्हा सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये आणि लशीविषयी आपल्या डॉक्टरांना वेळीच विचारावे. दुखणे येण्याआधीच ते अडवता येते, हे जेन्नर यांनी दाखवून दिले आहे.