कँडीचा कैदी



१६ जानेवारीला संत जोसेफ वाझ यांचा सण येतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना आम्ही त्यांच्याविषयी विचारले. एकाने गोवा म्हटले, दुसऱ्याने श्रीलंका म्हटले आणि गाडी तिथेच थांबली. मुलांना काय बोल लावावा! मोठ्यांना विचारले असते तरी फार वेगळे उत्तर मिळाले नसते. म्हणून या वेळी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली या गावी, आईच्या माहेरी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घरची भाषा कोंकणी. पोर्तुगीज आणि लॅटिन ते शाळेत शिकले, पुढे गोव्यात येशूसंघीयांच्या महाविद्यालयात गेले आणि १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. काही वर्षे त्यांनी मंगळूर, बसरूर, गंगोळी या कानडी किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती लोकांत काम केले. परत आल्यावर जुन्या गोव्यातील काही स्थानिक धर्मगुरूंच्या लहानशा समूहात ते सामील झाले. हा समूह संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या नियमाने राहू लागला आणि फादर वाझ त्याचे प्रमुख झाले. इथे मान होता, स्थैर्य होते. आयुष्य सुखाने गेले असते.

पण त्यांच्या मनात लंका होती. १६५८ पर्यंत डच लोकांनी पोर्तुगीजांकडून लंकेचा किनारा जिंकून घेतला होता आणि कॅथोलिक धर्मगुरूंना तिथे बंदी केली होती. जवळजवळ तीस वर्षे तिथल्या कॅथोलिकांना मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याच्या उशाशी कोणी धर्मगुरू नाही. १६८७ साली फादर वाझ मजुराच्या वेषात, जॉन नावाच्या सेवकासोबत जाफन्याला उतरले. प्रवासात आमांशाने त्यांची दशा केली होती. बरे झाल्यावर ते दिवसा लपून राहत आणि रात्री घरोघर जाऊन संस्कार देत. १६९० मध्ये ते पुत्तलमला गेले आणि १६९२ मध्ये डोंगरातल्या कँडी या राजधानीत पोहोचले.

आणि तिथे पकडले गेले. हा पोर्तुगीजांचा हेर आहे, असे दरबारातील एका फ्रेंच कॅल्व्हिनपंथीयाने राजाच्या कानी घातले. राजा दुसरा विमलधर्मसूर्य बौद्ध होता. त्याच्या राज्याने पोर्तुगीजांशी पिढ्यान्‌पिढ्या लढाया केल्या होत्या, त्यामुळे त्याला संशय आला यात नवल नाही. फादर वाझ यांना आणखी दोन कॅथोलिकांसह कैदेत टाकण्यात आले.

ज्या माणसांसाठी समुद्र ओलांडला ती बाहेर आणि आपण आत. कोणीही खचून गेला असता. फादर वाझ यांनी आतमध्ये काय केले? ते सिंहली भाषा शिकू लागले. वय चाळिशी ओलांडलेले, लिपी निराळी. कानडी किनाऱ्यावर आणि जाफन्यात त्यांचे जे काही चालून गेले ते इथे चालणार नव्हते. या वयात नवी भाषा तोंडात बसवणे किती कठीण असते, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. पळून जात नाहीत एवढे पाहून पहारेकरी त्यांच्या वाट्याला जाईनासे झाले. मग त्यांनी तिथेच एक झोपडी उभारली आणि तिचे प्रार्थनाघर केले. आपल्या ऊसतोड कामगारांची फडावरची कोपी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. पुढे तिथेच पवित्र मरियेच्या नावाने चर्च उभे राहिले.

सेमिनरीत असताना आम्ही स्वातंत्र्य या विषयावर मोठा थोरला निबंध लिहिला होता. बरीच मोठी नावे त्यात होती, कँडीच्या या कैद्याचे नव्हते.

त्यानंतर दुष्काळाची गोष्ट येते. १६९६ साली पाऊस पडेना. राजाने भिक्खूंना प्रार्थना करायला सांगितले, तरी पाऊस नाही. शेवटी त्याने फादर वाझ यांना निरोप पाठवला. त्यांनी चौकात वेदी मांडली, क्रूस उभा केला आणि गुडघे टेकले. भरपूर पाऊस आला आणि ते व वेदी मात्र कोरडे राहिले, असे चरित्रकार सांगतात. राजाने त्यांना राज्यभर फिरण्याची व उपदेश करण्याची मोकळीक दिली. बीड जिल्ह्यातल्या माणसाला या प्रसंगाची गोडी वेगळी सांगायला नको. तरीही आम्हाला स्वतःला त्यापुढचे वर्ष अधिक मोठे वाटते.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. आज चाळिशीच्या आतील कोणी देवीचा रोगी पाहिलेला नाही, कारण १९८० साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. पण ज्येष्ठांच्या दंडावर टोचल्याचे वण अजून आहेत. जेन्नरची लस निघायला तेव्हा जवळपास शंभर वर्षे बाकी होती. रोग्याच्या श्वासातून, फोडांच्या खपल्यांतून, अंथरुणातून रोग पसरे. औषध नव्हते. माणसे एवढेच जाणत होती की दूर पळावे. राजाने राजधानी सोडली. धडधाकट लोक निघून गेले आणि आजाऱ्यांना, घरच्यांनासुद्धा, रानात नेऊन सोडण्यात आले.

फादर वाझ गेले नाहीत. सोबतीला त्यांचा भाचा, फादर जोसेफ कार्व्हालो होता. दोघांनी आजाऱ्यांना शोधून निवाऱ्याला आणले, त्यांना अन्न भरवले, त्यांचे फोड धुतले, मेलेल्यांना पुरले. कॅथोलिक कोण आणि बौद्ध कोण, हे विचारले नाही. त्यातले बहुतेक बौद्धच होते, म्हणजे ज्या राजाने हेर म्हणून कैदेत टाकले त्याचीच प्रजा. तापाने फणफणलेल्या माणसाला पाणी हवे का, कुठे दुखते, हे त्याच्याच भाषेत विचारावे लागते. ती भाषा फादर वाझ कैदेत शिकले होते.

बरोबर दोनशे वर्षांनी, १८९७ मध्ये, आपल्या पुण्यात प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्चला गेल्या. त्यांची आठवण इथे आल्यावाचून राहत नाही.

आता आमची गोष्ट. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. १२ एप्रिलच्या पुनरुत्थान रविवारी आम्ही रिकाम्या बाकांसमोर मिस्सा केली. त्याच महिन्यात पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर अडकलेल्या लाखाहून अधिक ऊसतोड कामगारांना घरी परतण्याची परवानगी मिळाली आणि त्यांतले बरेचसे आपल्या जिल्ह्याचे होते. गावोगावी रस्त्यांवर बाभळीच्या काट्या पडल्या होत्या. आलेल्यांना शाळेत किंवा शेतात चौदा दिवस वेगळे ठेवले जाई. ओळखीचे एक कुटुंब असेच शेतातल्या शेडमध्ये होते. आम्ही पीठ, डाळ, तेल पाठवले, पण एका तरुणाच्या हाती. फोनवर प्रार्थना केली. त्यांच्यातल्या आजीने, फादर बांधापर्यंत तरी येतील का, असे विचारले होते. बांधापर्यंत येण्याला नियमांची आडकाठी नव्हती. आम्ही गेलो नाही. भीती वाटली, दुसरे काही कारण नव्हते. त्या दिवसांत पुस्तके पुष्कळ वाचली. पण फादर वाझ यांच्या चरित्राचे १६९७ चे पान आले की आम्हाला तो बांध दिसतो.

फादर वाझ त्यानंतर चौदा वर्षे जगले. त्यांच्या मदतीला गोव्याहून आणखी धर्मगुरू आले. १७०५ मध्ये आलेल्या फादर जॅकोम गोन्साल्विस यांनी सिंहली व तमिळ भाषांत पुष्कळ धार्मिक साहित्य लिहिले. फादर वाझ यांना बिशपपद देऊ केले होते, ते त्यांनी नाकारले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचे निधन झाले. चोवीस वर्षांत ते एकदाही गोव्याला परतले नव्हते. १९९५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत संतपद दिले.

सणाच्या दिवशी सायंकाळी सहा वाजता मिस्सा होईल. सध्या फडावर असलेल्या कुटुंबांची नावे मिस्सात घ्यायची आहेत, ती आदल्या दिवसापर्यंत आमच्याकडे द्यावीत. त्या आजी आता पांढरीच्या शेजारच्या वस्तीवर लेकीकडे असतात. त्यांना आणायला आम्ही स्वतः जाणार आहोत.