मुक्या चित्रातील हरिश्चंद्र : दादासाहेब फाळके

राज्य दान करून बायकोमुलासह देशोधडीस लागलेल्या हरिश्चंद्र राजाची कथा आम्हा अमळनेरकरांस नवी नाही. सखाराम महाराजांच्या वाडीत कीर्तनास बसलेल्या लहान मुलासही तारामतीचा शोक व रोहिदासाचा मृत्यू ठाऊक असतो. हीच कथा मुखातून एकही शब्द न काढता, केवळ हलत्या चित्रांनी सांगण्याचे साहस ज्या गृहस्थाने केले, त्यांचे चरित्र पालकांनी व पाल्यांनी मिळून वाचण्यासारखे आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका विद्वान शास्त्र्यांच्या घरी झाला. चित्रकलेची आवड पाहून त्यांस १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घातले, पुढे बडोद्याच्या कलाभवनातही त्यांनी शिक्षण घेतले. नंतर गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रे काढण्याचा धंदा मांडला. परंतु तेथे प्लेगने त्यांची पत्नी व मूल हिरावून नेले आणि मांडलेला संसार मोडला. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. पुढे पुराणवस्तु खात्यातील नोकरी झाली, छापखाना झाला, भागीदारांशी बिनसल्यावर तोही सुटला. वयाची चाळिशी आली तरी स्थैर्य असे लाभले नाही.

अशा स्थितीत १९१०-११ च्या सुमारास मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट त्यांच्या पाहण्यात आला. पडद्यावरील ती पवित्र कथा पाहताना आपल्या पुराणातील देवादिकांची चित्रे अशीच का हलू नयेत, हा विचार त्यांच्या मनाने घेतला. लगेच त्यांनी सरस्वतीबाईंसही तो खेळ दाखविला. पुढे रात्रंदिवस चित्रपट पाहण्याने व अभ्यासाने त्यांच्या डोळ्यांवर इतका ताण पडला, की काही काळ दृष्टीही गेली; वैद्यकीय उपचारांनी ती परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले व कॅमेरा घेऊन आले. परत आल्यावर कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या वाढीची चित्रे दिवसांमागून दिवस टिपून त्यांनी एक लहानसा मूकपट तयार केला. पाहता पाहता पडद्यावर वेल वाढताना पाहून लोक चकित झाले व मोठ्या चित्रपटास लागणारे कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली.

तथापि खरा भार घरावरच पडला. सरस्वतीबाईंनी अंगावरील दागिने दिले. मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला, फिल्मला छिद्रे पाडण्याचे नाजूक काम अंधारात बसून केले आणि रसायनेही कालविली. तारामतीच्या भूमिकेस कोणीही स्त्री तयार होईना. तेव्हा उपाहारगृहात काम करणारे साळुंके नावाचे तरुण तारामती झाले. रोहिदासाचे काम फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र याने केले. चित्रीकरणाच्या वेळी खेळताना हा मुलगा दगडावर पडून बेशुद्ध झाला आणि वडिलांनी त्याच अवस्थेत मृत रोहिदासाचे दृश्य उरकून घेतले, असे सांगतात. ही हकीकत वाचून कोणत्याही आईबापाचे मन चरकेल. ध्येयाची किंमत कित्येकदा ध्येयवेड्या पुरुषाच्या पदरच्या माणसांनाही मोजावी लागते, हे येथे विसरता येत नाही.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. लांबी सुमारे ३,७०० फूट. मजकुराच्या पाट्या मधून मधून येत. पण ज्यास अक्षरओळख नाही, त्यासही राजवाडा सोडून निघालेले ते तिघे जीव पाहून कथा कळत होती. प्रेक्षक मराठी बोलो, गुजराती बोलो की आपली अहिराणी बोलो, बेघर झालेल्या कुटुंबाचे दुःख समजण्यास दुभाष्या लागत नाही. मुक्या चित्राचे सामर्थ्य ते हेच.

पुढे नाशिकास 'लंकादहन', 'कालिया मर्दन' इत्यादी चित्रपट निघाले व द्रव्यही पुष्कळ आले. परंतु १९१८ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी मतभेद होऊन दादासाहेब कुटुंबासह काशीस निघून गेले. ज्या काशीत हरिश्चंद्राची कसोटी लागली, तीच वाट त्यांच्याही नशिबी यावी, हा योगायोग विलक्षण होय. काही काळाने ते परतले. पण बोलपटांचे युग येताच मूकपटांचे दिवस सरले. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा बोलपट अखेरचा ठरला.

उतारवयात त्यांस स्वतःचे घर नव्हते. भारतीय चित्रपटाच्या रौप्यमहोत्सवाच्या वेळी व्ही. शांताराम यांनी ही उणीव ओळखून निधी जमविण्यास पुढाकार घेतला. जमलेली रक्कम थोडी होती. तीत प्रभात कंपनीने भर घातली, तेव्हा कोठे नाशिकात त्यांस हक्काचे छप्पर मिळाले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने भारत सरकार चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देत आले आहे. त्या नावाचा उच्चार होईल तेव्हा सरस्वतीबाईंचे व लहानग्या भालचंद्राचेही स्मरण आपण करावे. कारण पडद्यावरील कुटुंबाची कथा एका खऱ्या कुटुंबाने आपले घर पणास लावून सांगितली होती.